शाबूत

पगारे, आधी निगेटिव्ह सोड.
दहा नंबरचा पाना घे. सुटली की काळी वायर
फडक्यात गुंडाळून बाजूला ठेव,
झोपलेल्या पोराचा हात अंगावरून उचलून ठेवतात तशी.
बाकी सगळं नंतर.

गिरणाऱ्याचा हा पोरगा, त्याला संध्याकाळी वरातीत मिरवायचंय.
डिकीत बारा इंची वूफर, खोक्याला अजून फेविकॉलचा वास.
मुंबई नाक्याचा सिग्नल लाल झाला तरी याला घाई.
आपल्याला नाही.

लाल वायर डावीकडून ने, दाराच्या पट्टीखालून.
गाण्याची उजवीकडून.
शेजारी बसवल्यास तर दोघी कुजबुजतात
आणि इंजिनाची शीळ गाण्यात घुसते.

वायर ब्लेडनं खरवडून बघितलीस?
वरून तांबूस, आतून पांढरी निघाली तर परत कर,
दुकानदार ओळखीचा असला तरी.
अर्थिंगच्या जागेचा रंगही खरवड, पत्रा उघडा पडेपर्यंत.
रंगावरच स्क्रू पिळणं म्हणजे
मोजे घालून गोदेत पाय धुणं.

आता फ्यूज.
किती अँपियरचा, ते वायरीला विचार, तिच्या जाडीला.
फ्यूज ॲम्पसाठी नसतो गं,
वायरीसाठी असतो, म्हणजे गाडीसाठी,
म्हणजे मागच्या सीटवर कुणी झोपलं असेल, त्याच्यासाठी.
आणि जागा? बॅटरीपासून वीतभर.
पसर हात.
तुझी वीत लहान आहे. चांगलं आहे.

मी बसवला होता मागं, डिकीत, ॲम्पला लागून,
निळा दिवा वगैरे लावून. दिसायला झकास.
सव्वीस वर्षांचा होतो.
बारा व्होल्टानं काय होतंय, म्हणायचो,
बॅटरीच्या दोन्ही टोकांना हात लावून दाखवायचो गिऱ्हाइकाला.
पुढं पत्र्याच्या भोकाला रबरी कडं नव्हतं.
दहा रुपयांचं कडं.
पत्रा घासत राहिला, वायर सोलत राहिली,
नाशिकपासून चांदवडच्या घाटापर्यंत.

सोनजे म्हणून होते, धुळ्याचे. बायको, दोन मुली.
उतरले सगळे. वेळेत उतरले.
गाडी पुढून कोळसा, मागून जशीच्या तशी.

तीन दिवसांनी एसटीनं आले. शिवी दिली नाही.
माझ्या तळहातावर फ्यूज ठेवला.
काच थोडी धुरकटलेली, आतली पट्टी अखंड.
साठ अँपियर.
पुढं सगळं पेटलं, त्याला पत्ता नव्हता.
'तुमचा आहे,' म्हणाले.
चहा घेतला नाही. म्हणजे घेतला, अर्धा.

तो त्या जर्द्याच्या डबीत आहे, वरच्या फळीवर.
दिवाळीला दुकान पुसताना डबी उचलतो,
पुसतो, परत ठेवतो. उघडत नाही.

हां, आला बघ तुझा नवरदेवाचा भाऊ.
काय रे, आवाज दणकून येईल.
पण एखाद्या दिवशी मध्येच बंद पडला
तर मला शिव्या घाल,
फ्यूजच्या जागी खिळा घालू नकोस.

पगारे, कडं घातलंस? दाखव.
हलवून बघ वायर. अजून.
आता काळी लाव. फ्यूज सगळ्यात शेवटी.
बारीक ठिणगी उडेल,
दचकू नकोस,
ॲम्प भूक लागल्यासारखा पहिला घास घेतो.

तेवढी उडूदे.