बसून वाजवताना

तासगावात, शाळेच्या हॉलमध्ये,
आम्ही पहिल्यांदा बसून वाजवलं.
अकरा जण, अकरा घडीच्या खुर्च्या,
आणि पायांचं काय करायचं ते कुणालाच कळेना.
वीस वर्षं पायसुद्धा वाजवण्यातच होते:
खड्डा चुकवायचा, जनरेटरची वायर ओलांडायची,
घोड्याच्या मागं राहायचं, पण फार मागं नाही.

तिकीट पन्नास रुपये.
फळ्यावर खडूनं: हिंदुराव वायदंडे यांच्या उपचारासाठी.
त्याखाली नीट न पुसलेला सातवीचा लसावि.

हिंदुराव पहिल्या रांगेत.
इस्त्रीचा शर्ट, डाव्या हाताला पांढरी पट्टी.
मंगळवार-शुक्रवार मिरज, सकाळच्या एसटीनं, डायलिसिस.
त्यांचं युफोनियम, आम्ही त्याला म्हैस म्हणायचो,
घरी पलंगाखाली, पोत्यात.
इतक्या लग्नसराया तो आवाज पाठीशी होता;
आज पाठीला नुसता पंख्याचा वारा.

बेदाण्याचे व्यापारी भाषणात म्हणाले, कला ही…
आणि पुढचं विसरले.
पाच किलोची पेटी दिली, बसले.

पहिली दोन बरी गेली. टाळ्या आल्या.
आम्ही दचकलो.
आमच्याकडं टाळ्या येत नाहीत, नोटा येतात,
नाचणाऱ्याच्या दातात धरलेल्या, ओल्या.

तिसरी धून पाठवणीची.
मध्यावर आलो आणि सगळ्यांना एकदमच उमगलं,
पुढचं आपल्याला येत नाही.
आमची कुठलीच धून कधी शेवटाला गेलेली नाही.
मांडव येतो, गाडी सुटते, कुणीतरी मामा हात वर करतो,
बास, बास,
आणि आम्ही असेल तिथं तोडतो.
इथं हात वर करायला कुणी नव्हतं.
सव्वाशे माणसं गप्प बसून
चक्क ऐकत होती.

इलाहीनं क्लॅरिनेटवर तीच ओळ परत घेतली. परत.
मी ढोल बारीक केला.
बाबालालनं तर ट्रम्पेट गुडघ्यावर ठेवलं.
तेव्हा दिसलं, हिंदुरावांचा उजवा हात मांडीवर चाललाय.
तीन बोटं. पहिलं, पहिलं-तिसरं, दुसरं, मोकळं.

पंगतीची वाट बघत मांडवामागं
आम्ही तंबाखू मळायचो, तेव्हा हा माणूस
उरलेलं एकटाच वाजवत बसायचा, हळू.
आम्ही म्हणायचो, म्हैस रवंथ करतीय.

ट्रम्पेटचीही बोटं तीच.
बाबालालनं उचललं आणि मांडीकडं बघत गेला,
अंधारात जिना उतरावा तसा, एकेक सूर.
मागनं इलाही. त्यामागं आम्ही.
शेवट आला. फार काही नव्हता तो.
चार सूर खाली येणारे,
आणि एक, जो खाली आलाच नाही.

सहा हजार दोनशे तिकिटांचे.
डब्यात जवळपास तेवढेच, त्यात एक चिकटवलेली शंभराची.
महिना निघेल, सर्जेराव म्हणाला.
तीन आठवडे, वहिनी म्हणाल्या. त्यांनी एसटी धरली होती.

हिंदुराव माझ्यापाशी आले.
"समोरनं बँड आजच ऐकला."
मी थांबलो.
"ढोल लई होतोय रे."

मग त्यांनीच बेदाण्याची पेटी फोडली,
मुठी भरभरून वाटली.
त्यांना ते चालत नाहीत, डॉक्टरांनी बंद केलेत.
आम्ही रस्त्यावर येऊन खाल्ले,
एकदाचे उभे.