आडवाट

पार्वता गांगुर्डे, वय त्रेचाळीस,
पिंपळगावला द्राक्षं निवडते.
तिसऱ्यांदा आलीय. शी डांबरासारखी, हिमोग्लोबिन पाच.
दोनदा मी दुर्बीण घातली, एकदा वरून, एकदा खालून,
आणि स्वच्छ म्हणून लिहून दिलं.
त्या कागदाची घडी तिनं पिशवीत जपून ठेवलेली.

दिराचा प्रश्न, दाराआडून: घेते का हो ही?
नाशकात यकृत म्हटलं की लोकांना वायनरीच आठवते.
तिचं सुकलं ते जुन्या काविळीनं, नकळत.
हे मी त्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा जोरात.

मुलगा सातपूरला कामाला. म्हणतो,
आणखी बाटल्या लावा, मी देतो रक्त.
नको रे. सात-आठच्या पुढे नको.
जेवढं भरू तेवढा दाब, तेवढं फुटणार.
पूर पाहिलायस ना?
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं
की सराफ बाजारात ते गटारातून वर येतं,
नदी जिथं कुणी शोधत नाही तिथं.

बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं.
मी घाटावरच शोधत होतो.

रात्री दीड. सोनजे बाईंना उठवलं.
शिरेत रंग सोडला.
घाई नको, त्या म्हणाल्या, रोहिण्या जाऊ देत,
सत्तर सेकंद थांब, नीला भरू देत.
काचेमागे आम्ही आकडे मोजत उभे.

आणि बेंबीखाली, लहान आतड्याच्या एका वळणावर
शिरांची फुगलेली गुंतवळ,
सिझरच्या जुन्या टाक्याला आतून चिकटलेली.
बावीस वर्षांपूर्वी हा मुलगा जिथून बाहेर आला
तीच वाट अडलेल्या रक्तानं धरली होती.
हे त्याला सांगितलं नाही.

सकाळी यकृतातून सुई, मग केसाएवढी नळी,
चार कॉइल, थोडा गोंद.
पडद्यावरून गुंतवळ पुसली गेली.
दाब मात्र तसाच आहे. गोळी रोज, नाडी मोजून.
उद्या कुठून फुटेल, मला माहीत नाही.
तसंच लिहिलं. या वेळी स्वच्छ नाही लिहिलं.

पाचव्या दिवशी ओपीडीत मुलाचा फोन,
आवाज एवढा की बाहेरची रांग वळून बघते:
डॉक्टर, पिवळी झाली! पिवळी!

हळद कुणाची रे बाबा, एका म्हातारीनं विचारलं.
पिंपळगावची, मी म्हणालो.