उतराई

या गावाचा इतिहास विचारायला कोणी आलं
की मी डोमा मारबत्याची दोरी काढतो.
ढिवरटोलीतल्या डोमाला लिहिता येत नव्हतं;
डोंग्याने पार नेलेल्या घराघराची एक गाठ.

निनाव्यांची दुहेरी: सालाचा एक पंचा,
मागावरून उतरला तसाच.
तेल्याच्या गाठीला अजून जवसाचा वास.
पाटलांची सैल,
दरसाली अर्धी पायली लाखोळी कमीच भरायची.
जैबुनबी बांगडीवालीची गाठच नाही.
तिचा हारा डोंग्यात किणकिणला
की वैनगंगा कान देते, म्हणायचा डोमा,
तिच्याकडून कसली उतराई!

आणि शेवटी, हातभर दोरी मोकळी सोडून,
चार गाठी.
ती माणसं डोंग्यातही तेवढीच लांब बसायची.
हेही लिहून घ्या.

पूल झाला, दोरी माझ्या खुंटीवर आली.
डोमाचा नातू आता पुलाच्या तोंडाशी
पंक्चर काढतो.
परवा निनाव्यांच्या पोराने चाक बसवून घेतलं,
विचारलं, किती झाले?
नातू म्हणाला, एक पंचा.
दोघंही हसले.
माग भंगारात गेल्याला सात वर्षं झालीत
हे दोघांनाही ठाऊक होतं.