खांब क्रमांक एकशे चौदा

पाहुणे यायला एकोणीस दिवस उरलेत.
इंजिनिअर सेपेदांनी ऑफिसात नकाशा टांगलाय,
विमानतळापासून स्टेडियमपर्यंत एक पिवळी रेघ.
रेघेवर खड्डा दिसता कामा नये.
रेघेबाहेरचं ते काही बोलले नाहीत,
आम्हीही विचारलं नाही.
मी रेघेबाहेर राहतो.

ग्वादालाहारात सध्या रोज काहीतरी उगवतं.
दुभाजकावर बोगनवेल आली, ट्रकमधून, फुलांसकट.
टॅक्सीवाला नाबोर कोरियन शिकला, एवढंच, ‘सुप्रभात’,
आणि रात्री अकरालाही तेच म्हणतो.
कोपऱ्यावर मक्याचं आंबूस तेहुइनो विकणाऱ्या चोलेला
हातमोजे मिळाले, टोपी मिळाली,
कोपरा तेवढा गेला.
घरांना रंग दिला, गुलाबी, निळा, पण समोरूनच.
बाजूच्या भिंती होत्या तशा,
अर्धीच दाढी करून कामावर निघालेल्या माणसासारख्या.

माझ्या वाट्याला खांब आलेत.
गरम पाण्याची बादली, ब्रश, पत्र्याची खरवडणी.
चिकटलेलं सगळं काढायचं:
इंग्रजीचे क्लास, भाड्याची खोली, हरवलेला पोपट,
आणि ती माणसं.
तीच जास्त. एकावर एक, थरावर थर,
कणकेची खळ उन्हात वाळून दगड झालेली.
पाणी मारून पाच मिनिटं थांबावं लागतं.
पाच मिनिटं माणूस काय करणार? वाचतो.
एव्हेरार्दो. उंची एक मीटर बहात्तर.
डाव्या भुवईवर व्रण.
शेवटचा दिसला तेव्हा अंगात हिरवा शर्ट.
मग कागद मऊ पडतो, आधी कडा सुटतात.
चेहरा सगळ्यात शेवटी.

घरी मुलगी चिकटवत बसलेली असते.
अख्ख्या वर्गाला त्या अल्बमचं वेड लागलंय:
पाकीट फोडायचं, खेळाडू काढायचा,
ज्याच्या त्याच्या चौकटीत बसवायचा.
‘बाबा, ह्याची उंची बघ, एक मीटर बहात्तर,
आणि तरी डोक्याने गोल मारतो!’
मी ताट पुढे ओढतो.
माझ्या नखांत खळ असते.
तिच्या चौदा चौकटी अजून रिकाम्या आहेत,
झोपताना ती त्यांचे आकडे म्हणते,
एखादा राहू नये म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

काल एकशे चौदापाशी एक बाई उभी होती.
तिच्याही हातात बादली. माझी नगरपालिकेची, निळी,
तिची रंगाच्या डब्याची, तार बांधलेली.
‘करा तुमचं काम,’ म्हणाली, ‘मी थांबते.’
मी खरवडायला घेतलं.
वरचा कागद निघेना, शिडी डुगडुगली,
तर तिनेच धरली.
‘तो उंचावरचा आहे ना, तो धाकट्याला खांद्यावर घेऊन लावलेला.
आता तो नाही मावायचा खांद्यावर.’

खांब पुसून झाला. लखलखीत.
तिने बघितला, हात फिरवला,
गिऱ्हाईक कापड बघतं तसा.
‘पाहुणे कुठकुठून येणार?’
‘सगळीकडून.’
‘मग बरं झालं,’ म्हणाली.
‘इथल्यांनी तर सगळ्यांनी पाहिलाय हा कागद.’
आणि पिशवीतून नवा काढला.
‘ती माणसं उंच असतात का हो?
किती उंचीवर लावू?’

मी काय सांगणार, मी कुठे कोण पाहिलाय.
खांबाला पाठ लावून उभा राहिलो,
डोक्यावर हात आडवा धरला, म्हटलं, इथे.
तिने माझ्या हाताखाली ब्रश मारला.
थोडी खळ मानेवर ओघळली, कोमट होती,
आत्ताच चुलीवरून उतरवल्यासारखी.

संध्याकाळी वहीत लिहिलं:
एकशे चौदा, साफ केला, दुपारी तीन वाजून दहा.
खाली सही.
यात खोटं काही नाही.
तीन वाजून दहाला तो साफच होता.