टाकी

वणीच्या दुकानातलं पोरगं म्हणालं,
ही घ्या ताई, आरशासारखी टाइल.
मी वाकून पाहिलं तर
माझंच तोंड, आणि वर फिरणारा पंखा.
घरी दोन कुत्री आहेत, एवढंच म्हणाले.
तो म्हणाला, पुसायला सोपी जाते.

शालिकला सागवान हवं होतं,
त्याच्या मामाकडे आहे तसं.
पण गेंद्याची नखं!
दाराच्या खालच्या फळीवर त्यानं
एका पावसाळ्यात जे लिहून ठेवलंय
ते अजून कुणाला वाचता आलं नाही.

कडप्पा म्हटलं मिस्त्रीनं.
आमचा जिना अंगणातून, वर नुसते टिन,
मे महिन्यात त्या काळ्या दगडावर
पापड भाजून निघतील.
भुरीचे तळवे मी पाहिलेत,
जुन्या चपलेसारखे, मधोमध चीर.

शेवटी कोटा. खरबरीत, बिनपॉलिशचा.
मी वेचणीला गेले तेवढ्यात
मिस्त्रीनं पॉलिश मारून घेतली.
फुकट मारली, म्हणे, शोभा येते.

भुरी तिसऱ्या पायरीवरून घसरली.
आवाज मोठा नव्हता,
ओलं पोतं ठेवावं तेवढा.
मग ती जिन्याकडे पाठ करून झोपू लागली.

माघ सरता सरता यल्लूबाई आली,
डोक्यावर पाटी, हातात छिन्नी.
पाट्याले टाकीऽ, जात्याले टाकीऽ
आता कोन वाटते जी पाट्यावर,
समदे मिक्सरवाले.
मी तिला जिना दाखवला.
कोनासाठी?
कुत्र्यांसाठी.
ती हसली नाही.
दगडावर तळहात ठेवला, ताप पाहावा तसा.
पाट्याची टाकी खोल, मसाला धरते.
हे बारीक पायजे. पाय धरन अशी.

दोन दिवस टकटक.
गेंद्या प्रत्येक घावावर भुंकला,
दुपारी दमून तिच्या पाटीतच झोपला.
तिच्या पापण्यांवर हिरवट भुकटी.
अकरा पायऱ्या, पैसे दहाचेच घेतले.
एक चुकली म्हणाली.
कोणती, ते मला अजून सापडलं नाही.

सांजेला भुरीनं पहिली पायरी हुंगली.
एक पाय ठेवला. थांबली.
मी चुलीपाशी गेले, बघत नाही असं दाखवत.
वर आहे काय?
वाळत घातलेल्या मिरच्या, थोडा वारा.

शालिक कुरकुरतो, पोछा अडकते.
अडकू दे.