पेन्सिलीनं तपासा

लाल पेनं मी दारातच काढून घेतली.
सतरा निघाली.
टेबलावर रांग लागली,
लग्नघराबाहेर चपलांची लागते तशी.
एकानं विचारलं, मॅडम, परत मिळतील ना?

कागदावर नाव नको, फक्त नंबर.
आधी स्वतःला दहापैकी गुण द्या, कोपरा दुमडा.
मग दुसऱ्याचं वाचा.
चूक सापडायच्या आधी
एक तरी ओळ सापडू दे,
जी आपण लिहिली असती तर बरं वाटलं असतं.

बाहेर कॉलेज रोडवर एक बुलेट फटफटत गेली,
तेवढाच आवाज.

सुरगाण्याच्या जयवंती भोयेनं
स्वतःला झटकन दोन देऊन टाकले,
पाहुण्यांसमोर आई म्हणते तसे:
आमच्या पोरीला काही येत नाही हो.
प्रणित बोरस्तेनं दहा दिले,
खोडून साडेनऊ केले.
विनय म्हणून.

मग सगळे 'द'च्या मागं हात धुऊन लागले.
हवा तिथं नाही, नको तिथं बसलेला,
एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखा.
आपल्या भाषेत तो नाहीच, मी म्हटलं,
पाहुणा आहे, सांभाळून घ्या.

चौदा नंबरवर भांडण झालं.
'रोज पहाटे वडिलांबरोबर गंगेवर जातो,
फुलांच्या टोपल्या धुवायला.'
नंदुरबारच्या आदिल पिंजारीनं गंगेला गोल केला,
समासात लिहिलं: गंगा वाराणसीला आहे.
अर्धा वर्ग उसळला.
अरे, गोदावरी रे ती!
आख्खं नाशिक गंगाच म्हणतं,
भाजीसुद्धा गंगेवरून आणतो आम्ही!
आदिल म्हणाला, बरं.
पण हे कागदावर कुठंय?

वाचकाचा विचार करा, वाचकाचा विचार करा,
अकरा वर्षं घसा कोरडा केला मी.
त्याचं काम एका गोलात झालं.
मागच्या बाकावर एका पोराचे कान लाल झाले
आणि चौदा नंबर कोण, ते सगळ्यांना कळलं.

जयवंतीचा कागद प्रणितकडे गेला होता.
तिची क्रियापदं काल-आजमध्ये
उंबरा नसल्यासारखी ये-जा करत होती.
त्यानं अकरा ठिकाणी पेन्सिल टेकवली.
बारावी ओळ होती:
होस्टेलात रात्री माझी भाषा उशीखाली झोपते.
'इथं "द" राहिलाय,' त्यानं लिहिलं,
'पण घालू नकोस.'
गुण आठ.
तिनं कोपरा उलगडला, स्वतःचे दोन पाहिले,
परत दुमडला.

खरं सांगायचं तर
एक परिच्छेद मीही लिहिला होता.
सव्वीस नंबर, गुपचूप गठ्ठ्यात सरकवलेला.
स्वतःला नऊ दिले होते.
तो परत आला तेव्हा
पेन्सिलीची एकही खूण नव्हती त्यावर.
फक्त तळाशी, दाबून लिहिलेल्या तिरक्या अक्षरात:
सगळं बरोबर आहे.
कोण बोलतंय, ते कळलं नाही.
सहा.

अक्षर कुणाचं, हे शोधायचा मी प्रयत्न केला नाही.
खोटं.
केला.

घंटा झाली, पेनं ज्याची त्याला गेली.
एक उरलं, टोपण चावलेलं.
आज आठवडा झाला, टेबलावरच आहे.
कुणाचं, विचारलं की
सगळे म्हणतात,
तुमचंच असेल, मॅडम.