एकास दोनशे

श्चेचिनच्या चौथ्या मजल्यावर, रात्री साडेनऊला,
ओतिलिया दिवा खाली ओढते
आणि अंतराळयानाचं पोट कापायला घेते.

मी दोन मजले खालचा. निवृत्त ट्रामचालक.
माझं काम चहा करणं
आणि टेबलाखाली पडलेले भाग शोधणं.
सत्तेचाळीस-ब एकदा माझ्या मोज्याला चिकटून घरी आला.
रात्री अकराला मी तो बशीत घालून वर नेऊन दिला,
देवळातला प्रसाद न्यावा तसा.

कागद एकशे साठ ग्रॅमचा.
घडीच्या रेघेवरून आधी शाई संपलेलं बॉलपेन फिरवते ती,
कागदाला नुसतं सांगून ठेवते
की इथे तुला वाकायचंय.
मग तो भांडत नाही.
नळकांडी विणायच्या सुईवर वळते,
डिंक टूथपिकच्या टोकावर, मोहरीएवढा,
आणि कापलेल्या कडेला राखाडी जलरंगाचा एक हात.
कड फार चुगलखोर, ती म्हणते.
दुरून सगळं पोलाद,
कड उघडी राहिली की कागद.

एकतीस वर्षं गोदीत तिने हेच केलं.
वरच्या मजल्यावरच्या काळ्या रंगवलेल्या जमिनीवर
बूट काढून, गुडघे टेकून, खडूने
जहाजाची फुगलेली कूस सपाट करून मांडायची:
कुठला पत्रा कुठे वळेल,
वेल्डिंगनंतर आकसेल म्हणून
किती मिलिमीटर जास्तीचे ठेवायचे.
अख्खं जहाज तिने क्वचितच पाहिलं.
पाहिली ती त्याची सोललेली सालं.

शेवटचं जहाज पाण्यात गेलंच नाही.
गोदीचं दिवाळं निघालं,
सांगाडा दोन हिवाळे उतारावर उभा राहिला,
मग भंगारवाल्यांनी तोच पत्रा
तिच्याच खुणांवरून कापला.
सोयीचं पडलं त्यांना.

हे यान कुठलं, मी विचारलं.
एका जुन्या मालिकेतलं. अकरा भाग झाले, मग बंद पडली.
केवढं?
एकास दोनशे.
कशाच्या?
कात्री थांबली.
जे कधी नव्हतंच
त्याच्या दोनशेव्या हिश्शाएवढं,
असं काहीतरी पुटपुटली
आणि पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला:
म्हणजे आपण साडेआठ मिलिमीटर.
तांदळाच्या दाण्याहून जरा उंच.
तू थोडा कमीच.

फेब्रुवारीत कवच पुरं झालं. एकशे बारा भाग.
ती ते तळहातावर घेऊन फिरवत राहिली,
बाळ कुणावर गेलंय बघावं तसं.
मग म्हणाली, दार कुठंय?

आम्ही पानं मागेपुढे केली.
तोफा चोवीस. खिडक्या एकशे अठरा,
डोळे फुटतील इतक्या बारीक.
दार नाही.

आराखडा रादोमच्या एका दंतवैद्याचा, क्साव्हेरी नावाच्या.
तिने त्याला पत्र लिहिलं, कडक,
गोदीतल्या मुकादमाला लिहावं तसं.
महिन्याने उत्तर आलं:
बाई, खरंच की.
मालिकेत सगळे पहिल्या दृश्यापासून आतच होते.
कुणी चढताना मी पाहिलं नाही.

त्या रविवारी तिने नवं पातं लावलं.
डाव्या कुशीला, तिसऱ्या आणि चौथ्या काटछेदाच्या मध्ये,
तीन बाजू कापल्या, चौथी दुमडली.
उंची दहा मिलिमीटर.
दीड जास्तीचा, ती म्हणाली,
डिंक वाळला की आकसतं.
मी हिशेब केला नाही. मला वाटलं
डोकं न आपटता आत जाता यावं म्हणून असेल.

दार तिने अर्धं उघडंच ठेवलं.
दिव्याखाली पाहिलं तर त्याची कड
रंगवायची राहून गेलेली,
पांढरी, बारीक,
आत कुणी दिवा लावल्यासारखी.

सांगणार होतो.
पण तिने ब्रश धुऊन उभा करून ठेवला होता,
आणि चहा कधीचा निवला होता.